उठताना हात न टेकता

अंगारकी चतुर्थीच्या आदल्या रात्री जालन्याहून राजूरकडे जाणारा रस्ता पायी निघालेल्या भाविकांनी फुलून जातो. गणपतीच्या टेकडीपर्यंतचं अंतर सुमारे २५ किलोमीटर. वर्षानुवर्षं ते चालणाऱ्या एखाद्या सत्तरीतल्या आजोबांची बायपास झाली, की घरात पहिला हुकूम सुटतो, ‘अण्णा, आता नुसतं पडून राहा. पाणीसुद्धा जागेवर देतो.’

मायेपोटीच म्हटलेलं असतं ते. पण या मायेची किंमत पाय मोजतात.

अंथरूण माणसाला किती झपाट्यानं खचवतं, याचा हिशेब १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस इथं मांडला गेला. विशीतल्या ५ निरोगी तरुणांना ३ आठवडे अंथरुणात ठेवलं, तर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चौथाईहून अधिक घटली. ३० वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले गेले. तीन दशकांच्या वयानं त्यांची क्षमता जेवढी खाल्ली होती, त्याहून जास्त त्या ३ आठवड्यांनी खाल्ली होती! विशीत ही गत, तर सत्तरीत आधीच झिजलेल्या मांड्यांचं काय होत असेल?

एके काळी हृदयविकाराचा झटका आला की कित्येक आठवडे खाटेवरून उठायचं नाही, असाच दंडक होता. १९५२ मध्ये सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी ८१ रुग्णांना लवकरच खाटेवरून उतरवून खुर्चीत बसवलं. रुग्णांना त्याचा त्रास झाला नाही, उलट ते सावरले. हृदय-पुनर्वसनाची वाट तिथून मोकळी होत गेली.

वृद्धांच्या पुनर्वसनात आज एक साधी परीक्षा घेतात. एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे, टाचेला अंगठा लावून १० सेकंद उभं राहायचं. नेहमीच्या चालीनं ४ मीटर जायचं. मग हात छातीवर बांधून खुर्चीतून ५ वेळा उठायचं आणि बसायचं. प्रत्येक भागाला ४ गुण, एकूण १२. पाच उठबशा साधारण ११ सेकंदांत झाल्या, तर त्या भागाचे पूर्ण गुण.

हात बांधून उठण्याला बायपासनंतर वेगळाच अर्थ येतो. शस्त्रक्रियेत छातीचं मधलं हाड कापलेलं असतं. ते जुळेपर्यंत, म्हणजे सहसा ६ ते १२ आठवडे, हातांवर भार देऊन उठू नका, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. मग खाटेवरून, संडासातून उठायचं कशाच्या जोरावर? मांड्यांच्याच.

अमेरिकेत ‘रीहॅब-एचएफ’ या प्रयोगात हृदय कमजोर झाल्यानं रुग्णालयात दाखल झालेले ६० वर्षांपुढचे ३४९ रुग्ण होते. त्यांतल्या एका गटासोबत १२ आठवडे ताकद, तोल, हालचाल आणि दम या चारही गोष्टींवर काम झालं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. वरच्याच परीक्षेत व्यायाम केलेल्यांना १२ पैकी सरासरी ८.३ गुण, इतरांना ६.९. पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण मात्र फारसं बदललं नाही. पण आपल्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाता येणं हा फायदा ज्याला मिळतो, त्याला तो लहान वाटत नाही.

भारतातल्या २४ रुग्णालयांत ‘योगा-केअर’ प्रयोग झाला. झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांपैकी निम्म्यांना १२ आठवड्यांत योगाची १३ सत्रं दिली. त्यांना स्वतःची तब्येत अधिक बरी वाटली आणि नेहमीच्या कामांत ते अधिक चांगले परतले. चटई आणि शिकवणारा माणूस, एवढ्यावर हे होऊ शकतं. म्हणूनच जालन्यासारख्या जिल्ह्याला ते मोलाचं आहे. इथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं. अँजिओप्लास्टी, बायपाससाठी महात्मा फुले योजनेचा आधार आहे. आता त्यापुढचे १२ आठवडेही उपचारातच धरले जायला हवेत.

सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी. चालताना बोलता यावं, एवढाच वेग ठेवावा. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथंच थांबावं आणि डॉक्टरांना गाठावं. जालन्याच्या मे महिन्यात तर ऊन चढायच्या आत चालून यावं, कारण लघवीच्या गोळ्या चालू असल्या की शरीरातलं पाणी लवकर कमी होतं.

पहिल्या आठवड्यात ओसरीपासून फाटकापर्यंतच्या फेऱ्या. पुढं गल्लीच्या टोकापर्यंत. सून घड्याळ धरून उभी, नातू मोजतोय, आणि अण्णा हात छातीशी बांधून खुर्चीतून उठतायत: तीन... चार... पाच.