इंजिन काढल्यानंतरचा सॅव्हेज

एचपीआय कंपनीचा सॅव्हेज हा रिमोटवर चालणारा मॉन्स्टर ट्रक मुळात इंजिनासाठीच जन्माला आला. एकास आठ प्रमाणातली, पाच किलोच्या आसपास वजनाची, साधारण पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या चाकांची ही गाडी. तिच्या सांगाड्याची रचना नेहमीच्या गाड्यांपेक्षा निराळी होती. बहुतेक रिमोटच्या गाड्यांना खाली एक आडवा पत्रा असतो आणि सगळी यंत्रणा त्यावर बसवलेली असते. सॅव्हेजमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या समोरासमोर उभ्या ठेवल्या आहेत आणि इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा-मागचा डिफरन्शियल असं सगळं त्या दोघींच्या मध्ये बोल्टांनी पकडलेलं आहे. या रचनेला ट्विन व्हर्टिकल प्लेट म्हणतात. उंचावरून आदळली तरी ही गाडी पिळवटत नाही, याचं श्रेय या दोन पट्ट्यांना जातं. पुढे इंजिन काढून मोटर बसवणाऱ्यांना सॅव्हेजच हवासा वाटला, त्यालाही मोठ्या प्रमाणात हाच सांगाडा कारणीभूत आहे.

मूळ इंजिन साडेतीन घनसेंटिमीटरचं, टू-स्ट्रोक. त्याला पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण लागतं, म्हणून या गाड्यांना सरसकट नायट्रो म्हणतात. स्पार्क प्लगही नसतो. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचं छोटं वेटोळं असतं. सुरू करताना ते बॅटरीने लाल करायचं; एकदा इंजिन चालू झालं की मिथेनॉलच्या अभिक्रियेमुळे आणि ज्वलनाच्या उष्णतेमुळे ते स्वतःच तापलेलं राहतं. पण हे इंजिन लहरी. सकाळी नीट चालणारी गाडी दुपारी हवा तापली की बिघडते, कारण इंधन आणि हवेचं प्रमाण बदलतं आणि कार्बुरेटरची सुई स्क्रूड्रायव्हरने पुन्हा जुळवावी लागते. खेळून झाल्यावर टाकी रिकामी करायची, आत तेलाचे थेंब सोडायचे, नाहीतर बेअरिंग गंजतात. ज्यांना हे सगळं आवडतं त्यांचं प्रेम खरं आहे; त्या धुराचा वास आणि तो चिरका आवाज दुसऱ्या कशातून मिळत नाही. पण वस्तीत, सोसायटीच्या मैदानावर अशी गाडी दहा मिनिटंसुद्धा चालवता येत नाही, हेही तितकंच खरं.

नायट्रोच्या त्या काळातही विजेवरच्या गाड्या होत्या. टेक्सासच्या ट्रॅक्सस कंपनीने १९९९ मध्ये नायट्रोवरचा टी-मॅक्स आणला आणि पाठोपाठ त्याचा विजेवरचा भाऊ ई-मॅक्स काढला. त्यात कार्बन ब्रशच्या दोन मोटरी आणि निकेलच्या दोन बॅटऱ्या होत्या. गाडी दणकट होती, पण वेगात नायट्रोच्या जवळ जात नव्हती. चित्र बदललं ते दोन गोष्टी एकत्र आल्यावर : ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरी. ब्रशलेस मोटरमध्ये घासणारा कोळसा नाही. वायरींची वेटोळी बाहेरच्या नळीला धरून स्थिर, फिरतो तो चुंबक, आणि कोणत्या वेटोळ्यात कधी वीज सोडायची हे कंट्रोलर ठरवतो. कॅन्सस राज्यातल्या ओलेथा गावच्या कॅसल क्रिएशन्स कंपनीने मांबा मॉन्स्टर नावाचा कंट्रोलर काढला आणि एकास आठ प्रमाणाच्या जड गाड्यांना पेलेल अशी ताकद हौशी माणसाच्या हाताशी आली. टेक्नो आरसीसारख्या कंपनीची सुरुवातच मुळी नायट्रो गाड्या विजेवर आणण्याचे संच विकण्यापासून झाली. घराघरांतल्या वर्कबेंचवर जे आधीच चाललं होतं ते पाहून एचपीआयने २००९ मध्ये सॅव्हेज फ्लक्स ही विजेवरची आवृत्ती स्वतःच बाजारात आणली.

मोटर बसवण्याचं काम ऐकायला वाटतं तितकं अवघड नाही. इंजिन, टाकी, सायलेन्सर, थ्रॉटलचा सर्व्हो आणि ब्रेकच्या कांड्या निघतात. इंजिनाच्या जागी मोटर धरणारा माउंट बसतो, सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना बॅटरीचे डबे लागतात, सेंट्रिफ्यूगल क्लचच्या जागी मोटरच्या दांड्यावर थेट पिनियन बसतं. दोन गिअर असतील तर ते काढून एकच ठेवायचा. मोटर शून्यापासून पूर्ण जोर देते, तिला दुसऱ्या गिअरची गरज नाही. एका सुट्टीच्या दिवसात हे होऊन जातं. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

नायट्रो इंजिन कमी फेऱ्यांवर दुबळं असतं. क्लचचे बूट फेऱ्या वाढल्या की हळूहळू बाहेर सरकतात, थोडे घसरतात, मग पकडतात. म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंतच्या प्रत्येक भागाला झटका मिळण्याआधी किंचित उसंत मिळते. सॅव्हेजचा प्रत्येक दात, प्रत्येक दांडा त्या उसंतीच्या हिशेबाने बनलेला होता. ब्रशलेस मोटर ती उसंत काढून घेते. तिचा सर्वांत मोठा जोर गाडी उभी असतानाच असतो. ट्रिगर दाबल्याबरोबर तो जोर पिनियनमधून त्याला भिडणाऱ्या स्पर गिअरमध्ये, तिथून डिफमध्ये, तिथून दांड्यांत उतरतो आणि जिथे सर्वांत कच्चा भाग असेल तिथे तो भाग मोडतो. तो बदलला की त्याच्या पुढचा. म्हणून अशा गाडीचं अपग्रेड करताना प्रश्न एकच असतो : ताकद कुठे तरी फुटणारच, तर ती कुठे फुटावी? अनुभवी माणसं ती जागा आधीच ठरवतात.

सॅव्हेजमध्ये पहिला बळी डिफचा. मूळचा जोड ४३ आणि १३ दातांचा. एचपीआयने पुढे बुलेटप्रूफ या नावाने २९ आणि ९ दातांचा जोड काढला. भागाकार करून पाहिला तर पहिल्याचं गुणोत्तर ३.३१ आणि दुसऱ्याचं ३.२२, गाडीच्या वेगात जवळजवळ काही फरक नाही. पण तेवढ्याच घेरात दात कमी, म्हणून प्रत्येक दात जाड, आणि मुळाशी मजबूत. मला हा बदल फार आवडतो, कारण त्यात नवं धातुशास्त्र नाही, साधी भूमिती आहे. तरीही नुसता जोड बदलून भागत नाही. मोठा गिअर जोराखाली बाजूला सरकला तर दात पूर्ण खोलीत न भिडता फक्त टोकांवर भिडतात आणि टोकं तुटतात. म्हणून बेअरिंगमागे ०.१ किंवा ०.२ मिलिमीटरच्या शिम टाकून प्ले काढायचा. हाताने फिरवताना गिअर गुळगुळीत फिरले पाहिजेत, पण बोटाला खडखड लागता कामा नये. शिम कितपत टाकायच्या हे पुस्तकात लिहून देता येत नाही. ते बोटांनाच शिकावं लागतं. पिनियन आणि स्परचं मात्र सोपं आहे. दोन्हींमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून दाबायचं, मोटरचे स्क्रू आवळायचे, पट्टी काढून घ्यायची. उरतं ते अंतर बरोबर असतं. पिनियनचा ग्रब स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवर आला पाहिजे आणि त्याला निळं लॉकटाइट लावलं पाहिजे; कंपनांनी तो सैल झाला तर पिनियन दांड्यावर फिरत राहतं आणि दांडाच खाऊन टाकतं.

डिफ सावरला की जोर दांड्यांवर येतो. हाडाच्या आकाराच्या साध्या दांड्यांची टोकं झिजतात किंवा कपातून सुटतात. त्यांच्या जागी पोलादी सीव्हीडी बसवतात, ज्यांत वळलेल्या चाकालाही एकसारखी गती मिळते. कॅलिफोर्नियातल्या कोव्हिना गावच्या एमआयपी कंपनीचं नाव या दांड्यांशी घट्ट जोडलेलं आहे.

इथवर प्रत्येक भाग अधिक कणखर करत आलो. सस्पेन्शनच्या आर्मपाशी मात्र उलट विचार करावा लागतो. दुकानांत निळे-जांभळे ॲल्युमिनियमचे आर्म झळकत असतात आणि नवा माणूस आधी तेच उचलतो. मला ते पटत नाहीत. पाच किलोची गाडी दगडावर आपटली की धक्का कुठे तरी जिरला पाहिजे. ॲल्युमिनियम वाकून तसंच राहतं, किंवा वाकत नाही आणि सगळा धक्का आर्म धरणाऱ्या बल्कहेडला देतं, जो भाग बदलायला अर्धी गाडी खोलावी लागते. आरपीएमसारख्या कंपनीचे नायलॉनचे आर्म वेतासारखे लवतात आणि पुन्हा जागेवर येतात. त्यातूनही एखादा तुटलाच तर दोन पिना काढून दहा मिनिटांत नवा बसतो.

ताकदीच्या वाटेवरही अशीच एक सुटण्याची जागा हवी आणि ती म्हणजे स्पर गिअरवरचा स्लिपर क्लच. स्प्रिंगने दाबलेले पॅड ठरावीक जोरापलीकडे घसरतात. स्प्रिंगचा दाब ठरवणारा नट पूर्ण आवळून टाकणं ही सर्रास दिसणारी सवय आहे. गाडी मागच्या चाकांवर उभी राहते म्हणून बरं वाटतं. पण तसं केल्यावर उडी मारून जमिनीवर उतरताना फिरती चाकं एकदम थांबतात आणि मोटरच्या फिरणाऱ्या चुंबकाची सगळी गती डिफच्या दातांवर कोसळते. स्लिपर असा ठेवावा की उभ्या गाडीला पूर्ण ट्रिगर दिल्यावर पहिल्या फुटा-दोन फुटांत तो किंचित घसरताना ऐकू यावा. पॅड झिजले की बदलायचे. ते झिजण्यासाठीच बनवलेले असतात.

मोटरच्या अंगावर केव्ही असा आकडा असतो. एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, हा त्याचा अर्थ. सॅव्हेज फ्लक्स एचपीमधली मोटर २२०० केव्हीची. चार सेलच्या लिथियम पॉलिमर म्हणजेच लिपो बॅटरीचा नाममात्र दाब १४.८ व्होल्ट, म्हणजे भाराशिवाय मिनिटाला ३२,५६० फेरे. पिनियनपासून चाकापर्यंतचं एकूण गुणोत्तर १८ धरलं आणि चाक १५ सेंटिमीटरचं, तर गणिताने वेग ताशी ५१ किलोमीटर येतो. त्याच गाडीला सहा सेल जोडले की तोच वेग ७६ च्या पुढे जातो. वेग दीडपट होतो, पण ऊर्जा त्याच्या वर्गाने वाढते, म्हणजे आपटल्यावरची मोडतोड सव्वादोनपट. माझं मत विचाराल तर सॅव्हेजला चार सेल पुरेत. सहा सेल लावायचे असतील तर पिनियन लहान करावं, मग तोच वेग कमी करंटमध्ये मिळतो आणि मोटर थंड राहते.

उष्णता हा आपल्याकडचा कळीचा मुद्दा. मोटरमधले निओडिमियम चुंबक फार तापले की त्यांची ताकद कायमची उतरते. म्हणून मोटरचं तापमान ८० अंशांच्या आत ठेवण्याचा दंडक आहे. थंड देशात विशीतल्या हवेत चालणारं गिअरिंग विदर्भातल्या मे महिन्यात, जेव्हा हवाच चाळिशीपार असते, तेव्हा चालत नाही. तिथे एक-दोन दात कमी असलेलं पिनियन लावावं, पाच मिनिटांनी गाडी थांबवून इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी तपासावी. बॅटरी साठ अंशांच्या वर गेलेली कधीही चांगली नाही.

बदल करताना हमखास दुर्लक्षित राहतो तो स्टीअरिंगच्या सर्व्होचा वीजपुरवठा. नायट्रो गाडीत रिसीव्हर आणि सर्व्होंसाठी वेगळी छोटी बॅटरी असायची. विजेवरच्या गाडीत ते काम कंट्रोलरमधला बीईसी करतो. तो मोठ्या बॅटरीचा दाब सहा व्होल्टच्या आसपास उतरवतो. जड चाकं वळवायला वीस किलोच्या वरचा सर्व्हो लावला आणि बीईसी कमजोर असला, तर ऐन वळणावर दाब कोसळतो, रिसीव्हर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि त्या क्षणभरात पाच किलोची गाडी कुणाचंच ऐकत नाही. आजूबाजूला मुलं असताना हे चालणार नाही. वेगळा बीईसी लावायचा आणि सिग्नल तुटल्यावर ट्रिगर शून्यावर येईल असं फेलसेफ लावूनच गाडी मैदानात न्यायची. कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यातल्या वायरी आखूड ठेवायच्या. त्या लांबवल्या तर कंट्रोलरच्या कपॅसिटरवर ताण येतो. लांबी हवीच असेल तर ती मोटरच्या बाजूला द्यावी.

दोन बाजूंना दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, म्हणून दोन्ही एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या हव्यात. जुनी-नवी जोडी लावली तर जुनी आधी रिकामी होते आणि तिच्या सेलचा दाब धोक्याच्या खाली जातो. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, ३.२ च्या खाली उतरवू नये. ठेवून द्यायचा असेल तर ३.८ वर. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावायची नाही, मग ती कितीही महाग असो.

ही गाडी चालवण्याची रीतही निराळी. ब्रेक आता मोटरच करते, आणि तोही जोरात. हवेत असताना ट्रिगर दिला तर फिरणाऱ्या चाकांमुळे नाक वर येतं, ब्रेक लावला तर खाली जातं. उडीतला तोल असाच साधतात. नायट्रोमध्येही हे व्हायचं, पण मोटरचा प्रतिसाद इतका तत्काळ असतो की तोच हात इथे जास्तीचं करून बसतो. म्हणून कंट्रोलरमध्ये ब्रेकचा जोर आणि पंच, म्हणजे निघतानाचा झटका, दोन्ही सुरुवातीला कमी ठेवावेत.

मधल्या काळात एचपीआयची मालकी बदलली, पण फ्लक्सचे बरेच भाग जुन्या नायट्रो सॅव्हेजला थेट बसतात आणि त्यामुळे इंजिन बसलेल्या, कोपऱ्यात पडलेल्या कितीतरी गाड्या आजही उठवता येतात. अशी एखादी हाती लागली तर आधी दोन्ही डिफ खोलून दात पाहावेत, बेअरिंग बदलावेत, २९-९ चा जोड शिम लावून बसवावा, मग दांडे, मग स्लिपरचे पॅड. मोटर आणि कंट्रोलरची खरेदी त्यानंतर.