मोडीत निघालेल्या ध्वनिमुद्रिका आणि बोलींचा अभ्यास

जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात तबकडीची किंमत बहुधा गायकाच्या नावावरून ठरते. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ किंवा अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या संग्राहक जिवापाड जपतात, आणि अलीकडे गाजलेल्या हिंदी चित्रपटांच्या व्हिनाइलच्या दीर्घ मुद्रिकांनाही बरे मोल येऊ लागले आहे. या दोन्ही वर्गांत न बसणाऱ्या तबकड्या मात्र ढिगाने विकल्या जातात. शाहिरांचे पोवाडे, वगातील बतावणी, विनोदी संवाद, कव्वालीच्या चालीवरील भीमगीते, सिंधी भगतांची पदे असे त्यांचे नाना प्रकार असतात. पुण्याचा जुना बाजार असो की पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील भंगाराचे दुकान असो, त्यांचे स्थान सहसा तळाशीच.

भाषेच्या अभ्यासकास हा क्रम जवळजवळ उलटा लावावा लागतो. ख्यालगायनात शब्द हा स्वराचा केवळ आधार असतो. तो ताणला जातो, तुटतो, पुष्कळदा ऐकूही येत नाही. नाट्यगीतांचे उच्चार रंगभूमीच्या संकेतांनी बांधलेले असतात. याउलट वगातील सोंगाड्या श्रोत्यांना हसविण्यासाठी बोलत असल्याने त्याला श्रोत्यांच्याच बोलीत बोलावे लागते. अर्थात तोही बोली थोडी फुगवूनच बोलतो, हे विसरून चालणार नाही.

बोलींचे हेतुपुरस्सर ध्वनिमुद्रण आपल्याकडे झालेच नाही असे नाही. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. पुढे या सर्वेक्षणाच्या अनुषंगाने १९१३ ते १९२९ या काळात निरनिराळ्या प्रांतांत भाषा व बोली तबकड्यांवर उतरविण्यात आल्या. शिकागो विद्यापीठाच्या संगणकीय संग्रहामुळे त्या आज घरबसल्या ऐकता येतात. परंतु त्यांतील मुख्य नमुना म्हणजे बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर होय. समोर ठेवलेल्या कथेचे भाषांतर सांगणारा मनुष्य आणि फडात बतावणी करणारा मनुष्य यांच्या वाक्यरचनेत जे अंतर पडते, ते पहिल्या दोन-चार वाक्यांतच जाणवते. सरकारी नमुना तुलनेस सोयीचा, पण निर्जीव. बाजारी तबकडी अव्यवस्थित, पण बोलकी.

जुनी तितकी मोलाची, ही समजूतही येथे टिकत नाही. १९२५ पूर्वीचे मुद्रण कर्ण्याद्वारे होत असे. कलावंत कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि केवळ त्या आवाजाच्या बळावर सुई मेणावर रेघ कोरीत असे. या पद्धतीत सेकंदास सुमारे अडीच हजार कंपनांच्या वरचे ध्वनी फारसे उमटत नसत. मराठीच्या दृष्टीने ही उणीव गंभीर आहे. ‘चार’ या संख्येतील तालव्य च आणि ‘चारा’ यातील दंत्य च यांतला भेद मुख्यतः घर्षणाच्या उच्च कंपनांत असतो. श आणि स यांचेही तेच. त्यामुळे त्या काळच्या तबकडीवरून एखादा नट कोणता च उच्चारीत होता हे सांगणे धाडसाचे ठरते. विद्युत्-मुद्रण आल्यावर परिस्थिती पालटली आणि व्हिनाइलच्या काळात हा भेद स्वच्छ ऐकू येऊ लागला. म्हणजे च-कारांच्या अभ्यासासाठी १९१० च्या दुर्मिळ तबकडीपेक्षा १९७० च्या आसपासची, कोणी न विचारणारी लोकगीतांची छोटी मुद्रिका अधिक कामाची आहे.

काळाचे बंधनही ध्यानात घ्यावे लागते. लाखेच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन मिनिटे मिळत. तासभर रंगणारा पोवाडा दोन्ही बाजू मिळून सहा-सात मिनिटांत कोंबताना शाहिरास सर्वांत आधी गद्य निवेदन गाळावे लागे. भाषाभ्यासकास हवे असते नेमके तेच. मिनिटास ४५ फेऱ्यांच्या मुद्रिकेने थोडी सवड दिली. दीर्घ मुद्रिकेत एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक काळ मिळू लागला आणि कथनाला पुन्हा वाव मिळाला. शिवाय मोठ्या कंपन्यांच्या जोडीला लहान कंपन्याही होत्या. मुंबईची ‘यंग इंडिया’ ही कंपनी १९३५ च्या सुमारास सुरू होऊन १९५५ च्या सुमारास बंद पडली. तिने नामवंतांपेक्षा हौशी व अल्पपरिचित कलावंतांना अधिक संधी दिली. संग्राहकांनी तिच्या तबकड्यांना पुष्कळ काळ दुय्यम मानले, ते याच कारणाने.

पिंपरी-चिंचवडचा पट्टा या दृष्टीने विशेष लक्ष देण्याजोगा आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर भोसरी, चिंचवड, आकुर्डी आणि पुढे चाकण येथे कारखान्यांची रांग लागली. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, विदर्भ अशा सर्व भागांतून कामगार आले. फिरते ग्रामोफोन व तबकड्या घेण्याची ऐपत ज्यांना नोकरीने आली, त्यांनी आपापल्या मुलखाची गाणी घेतली. १९८० नंतर कॅसेटने तबकडीला हुसकावले, आणि आता बैठ्या चाळी पाडून इमारती होताना माळ्यावरची पेटी खाली येते. जुना माल घेणारा ती वजनावर नेतो.

पिंपरीचेच आणखी एक प्रकरण आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी येथे वसली आणि सिंधच्या निरनिराळ्या भागांतील बोली एका वस्तीत आल्या. उत्तर सिंधमधील भगत कंवरराम यांची १९३९ साली हत्या झाली. परंतु त्यांचा आवाज तबकड्यांवर उरला. सिंधीत ग, ज, ड, ब यांच्या जोडीला श्वास आत ओढून उच्चारले जाणारे चार निराळे ध्वनी आहेत. भारतीय आर्य भाषांत हे दुर्मिळ होत. मराठी-हिंदीच्या शेजारात वाढलेल्या पिढीच्या बोलण्यात या ध्वनींचे काय झाले, हे तपासावयाचे तर फाळणीपूर्व उच्चारांचा आधार पाहिजे, आणि तो या तबकड्यांत आहे. सिंधीसाठी अरबी वळणाची लिपी वापरावी की देवनागरी, हा वाद भारतात दीर्घकाळ चालला; तबकडी ऐकण्यास कोणतीच लिपी यावी लागत नाही. ज्या घरांतून त्या बाहेर पडत आहेत, तेथील सिंधमध्ये जन्मलेली पिढी आता जवळजवळ सरली आहे.

म्हणून तबकडी मिळताच ती वाजविण्याआधी तिची माहिती टिपावी. ती कोणत्या गावच्या, कोणत्या भाषेच्या घरातून आली, कोणी व कशासाठी घेतली, हे विकणाऱ्यास विचारावे. एकदा ढिगात मिसळली की ही माहिती पुन्हा मिळत नाही. वेष्टनावरील भेटीचा मजकूर, तारीख, दुकानाचा शिक्का हे सर्व जतन करावे. गोल कागदी पट्टीच्या कडेला, गुळगुळीत भागात कोरलेला क्रमांक स्वतंत्रपणे लिहून घ्यावा, कारण मुद्रणाचा अनुक्रम त्यावरून लागतो. फार जुन्या तबकड्यांची गती ७८ फेऱ्यांचीच असेल असे धरू नये. ७२ फेऱ्यांची तबकडी ७८ वर फिरविल्यास आवाज अर्ध्या स्वराहून अधिक चढतो आणि स्वरांची मोजमापे सपशेल चुकतात.

स्वच्छ करतानाही लाखेची तबकडी कोणती व व्हिनाइलची कोणती हे आधी पाहावे. लाखेची जड व ठिसूळ असते, व्हिनाइलची हलकी असून किंचित वाकते. लाखेच्या तबकडीस स्पिरिट कदापि लावू नये. लाख त्यात विरघळते आणि रेघांसह आवाजही पुसला जातो.