कड्यावरची शिंदळ माकुडी

मुंबई इलाख्यातली झाडंझुडपं निकोल डाल्झेलच्या चांगल्या ओळखीची होती. नोकरी जंगलखात्यात, आणि अलेक्झांडर गिब्सनबरोबर लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्येच प्रसिद्ध झालेला. तरीही जुन्नरच्या डोंगरातल्या एका लोंबत्या झुडपाने या स्कॉटिश माणसाला कोड्यात टाकलं. फूल पाहावं तर ते माकडशिंगाच्या गोतावळ्यातलं. पण त्या गोतावळ्यात नुसती मांसल खोडं असतात. पानं आलीच तर खवल्याएवढी, तीही लगेच गळणारी. हिला मात्र चांगली बोटभर, जाडसर, हिरवीगार पानं! कुठल्याच ज्ञात प्रजातीत ती बसेना. शेवटी डाल्झेलने तिच्यासाठी नवी प्रजातीच मांडली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव तिला दिलं: फ्रेरिया इंडिका. अख्ख्या प्रजातीत जात ही एकच. आपल्याकडे तिला शिंदळ माकुडी म्हणतात.

शोध लागला, पण माकुडी पुन्हा सहजी दिसेना. तिने जागाच अशी निवडलीय. उभ्या कातळाच्या भेगेत मूठभर माती साठते, तिथे ती मूळ धरते. पावसाळा सरला की पानं झडतात आणि उन्हाळाभर राखाडी खोडं कातळाला चिकटून राहतात. दहा फुटांवरूनही ती ओळखू येत नाहीत. ऑगस्ट ते ऑक्टोबर एवढाच काय तो तिचा उघड होण्याचा काळ, आणि तेव्हा कडे निसरडे असतात.

फूल जवळून बघायला मिळालं तर मात्र नजर हटत नाही. जेमतेम दोन सेंटिमीटरचा पाचकोनी तारा, गडद किरमिजी, त्यावर पिवळे डाग, कडांना बारीक केसांची झालर. त्याकडे येतात त्या माश्या. माकुडीच्या कुळात पराग सुटे नसतात, त्यांचे जोडपुंज असतात. ते माशीला अडकायचे, दुसऱ्या फुलात नेमक्या खाचेत बसायचे, तेव्हा कुठे शिंगांसारखी शेंगांची जोडी धरणार. रेशमी झुबक्याचं बी मग वाऱ्यावर उडणार आणि त्यालाही पुन्हा कातळातली भेगच सापडायला हवी.

१९८० च्या दशकात आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने जगातल्या अत्यंत धोक्यातल्या बारा वनस्पतींची यादी केली. त्यात ही माकुडी होती. इथून शोधाचा दुसरा अंक सुरू झाला. आपल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी कडे धुंडाळले आणि जुन्नरच्या शिवनेरीखेरीज पुरंदरशेजारचा वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर, रंधा धबधबा अशी नावं नोंदींमध्ये आली. वाटलं होतं त्याहून तिचा पसारा मोठा निघाला. मला ही बातमी आनंदाची वाटते, निर्धास्त होण्याची नाही. सह्याद्रीबाहेर ती रानात कुठेच नाही, आणि सह्याद्रीतही एकेका कड्यावर थोडीथोडकीच झुडपं आहेत. एक वणवा, एक दरड, एखादा हावरा संग्राहक, आणि एक ठिकाण संपलं.

दरम्यान डीएनएच्या अभ्यासातून डाल्झेलचं कोडंही सुटलं. पानं असूनही ती बिनपानांच्याच घरातली ठरली. म्हणून आता बरेच अभ्यासक तिला बुसेरोसिया फ्रेराय म्हणतात.

तिच्या फांदीचा तुकडा सहज मुळं धरतो. त्यामुळे परदेशातल्या हौशी लोकांच्या कुंड्यांतही ती वाढते. ‘मग संपेल कशी?’ असं कुणी विचारलं की मला काळजी वाटते. एकाच झाडाची शंभर कलमं केली, तरी वारसा त्या एकाच झाडाचा. वेगवेगळ्या कड्यांवर पिढ्यान् पिढ्या जमलेलं वैविध्य कुंडीत येत नाही. रोपवाटिका आणि प्रयोगशाळा हव्यातच, पण कड्याच्या जोडीला, कड्याऐवजी नव्हे.

पावसाळ्यात गड चढताना हा किरमिजी तारा दिसला, तर लांबूनच फोटो काढा. फांदी तोडू नका, नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. ती फक्त वनखात्याला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागाला कळवा.