चांदण्या गेल्या कुठे?

२*३*४ म्हणजे २४, हे तुम्ही जाणताच. पण मार्कडाउन समजणाऱ्या एडिटरमध्ये हेच लिहिले, तर पडद्यावर २३४ उमटू शकते! असे का व्हावे?

जॉन ग्रुबर यांनी २००४ साली मांडलेल्या मार्कडाउन पद्धतीत शब्दाच्या दोन्ही अंगांना एकेक चांदणी दिली की तो तिरपा होतो. दोन-दोन दिल्या की ठळक. दुसरी चांदणी उमटताच एडिटर मागे वळून तिची जोडीदारीण शोधतो. ती सापडली की दोघींना पुसून मधला मजकूर, येथे ३, तिरपा करतो. गुणाकार त्याला ठाऊकच नसतो.

उपाय सोपा आहे. चांदणीच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा, किंवा तिच्याआधी उलटी तिरकी रेघ द्या. आणि उद्या तुम्हीच असा एडिटर रचलात, तर पुसलेल्या चांदण्या परत आणण्याची सोय ठेवायला विसरू नका.