घाणीत पडलेली अत्तराची कुपी
हजरत नूह (अलै.) यांना आपण पैगंबर मानतो. यहुद्यांच्या तौरातमध्ये त्यांना ‘आपल्या पिढीत नेक’ म्हटलंय. ‘आपल्या पिढीत’ कशाला? तालमूद या यहुदी ग्रंथात यावर दोन मतं आहेत. रब्बी योहानान म्हणतात, त्या वाईट पिढीच्या मानाने नेक, इतर पिढ्यांत नव्हे. रेश लाकिश म्हणतात, अशा लोकांतही नेक राहिले, मग चांगल्या सोबतीत किती मोठे झाले असते! दाखला अत्तराच्या कुपीचा: घाणीत पडूनही जी दरवळते, ती सुगंधी जागी किती दरवळेल?

तालमूदच सांगतो, रेश लाकिश आधी दरोडेखोर होते. वाईट सोबतीची ओढ त्यांना ठाऊक असणारच. मुलांनो, ‘माहौलच खराब आहे’ ही सबब चालणार नाही. उलट तिथे टिकलेल्या नेकीचं मोल जास्त.