बाल्कनीतला कॉसमॉस
दिवसभर स्क्रीनकडे बघून डोळे शिणतात ना? मग माझ्यासारखा बाल्कनीत कॉसमॉस लावा. मूळचा मेक्सिकोचा, पण नखरे कमी! ५-६ तास ऊन हवं. कुंडीत बी पेरून वर माती भुरभुरवा. ७ ते १० दिवसांत कोंब, ८ ते १० आठवड्यांत फुलं. खताचे लाड नकोत, नुसता पाला माजतो. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, फांद्या फुटतील.

फुलं सकाळी, नुकती उमलताना कापा. जितकी कापाल, तितकी नवी येतात. माझ्या ऑफिसच्या डेस्कवर चार असतातच.

मात्र ट्रेकला बिया उधळू नका हं! पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर पिवळा-केशरी कॉसमॉस आधीच पसरलाय, रानफुलांची जागा बळकावतोय. म्हणून कोमेजलेली फुलं बी धरण्याआधीच खुडायची. बाल्कनी आपली, टेकडी रानफुलांची!