परसबागेतील मिश्रीकंद : न मोजलेल्या श्रमाचे अर्थकारण

छत्तीसगडमध्ये घरालगतच्या परसबागेस ‘बाडी’ म्हणतात. कुटुंबाची भाजीपाल्याची गरज भागविणारे हे उत्पादन बाजाराच्या हिशेबात क्वचितच येते. बाडीत घेण्याजोगे एक पीक म्हणजे मिश्रीकंद. मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील ही वेल स्पॅनिशांनी फिलिपिन्समध्ये आणली व तेथून ती आशियात पसरली. बिहार व बंगालमध्ये सरस्वतीपूजेच्या नैवेद्यात असणारा हा पांढरा, रसाळ कंद कच्चाच खातात.

रायपूरचे उष्ण हवामान या पिकास मानवते. पावसाळ्यात भुसभुशीत, निचऱ्याच्या वाफ्यात बी पेरावे. दिवस लहान होऊ लागले की कंद पोसतो व हिवाळ्यात काढणीस येतो. गुढियारीसारख्या शहरी वस्तीत जागा अपुरी असल्यास वेल मांडवावर चढविता येते. पीक शेंगवर्गीय असल्याने मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. परिणामी खताचा खर्च कमी होतो.

मात्र फुले वेळोवेळी खुडावी लागतात. अन्यथा अन्नद्रव्य शेंगांकडे वळून कंद लहान राहतो. या कामास पैसा नव्हे, वेळ लागतो. आणि तो बहुधा घरातील स्त्रियांचा असतो. बियाण्यासाठी एखादीच वेल फुलू द्यावी. पक्व बियांत रोटेनोन हे विषारी द्रव्य असते. म्हणून बियाणे मुलांच्या हाती लागू देऊ नये. पाने व पक्व शेंगाही खाऊ नयेत.

परसबागेतील पोषणसुरक्षा स्वस्त भासते, कारण तिच्यामागील श्रम व दक्षता यांचे मोल कोणी मोजत नाही. धोरण आखताना ते मोजले गेले पाहिजे.